पाचव्या पडद्याचा लाल चिमटा

"चोर! घरात चोर पोसला मी!"

अक्का ओरडत होती. म्हणजे तोंड ओरडत होतं, हात ओरडत होते, कपाळावरची शीर ओरडत होती. आवाज तेवढा नव्हता. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला ओरडायचं असलं की ती एका हातात पितळेचं ताट धरते आणि दुसऱ्या हातातल्या पळीनं त्यावर हाणते. शब्दाला एक ठोका. हा ठोका मोठ्या देवळातल्या नंदीला ऐकू जातो आणि तो आमच्या गल्लीकडे मान वळवतो, हे मी शपथेवर सांगतो. कोणी बघायच्या आत पुन्हा सरळ करतो, एवढंच.

"हे काय आहे?" ठण्ण.

तिच्या पुढ्यात बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडा पडला होता. नवरात्र होतं, बैठकीत कोलू मांडून झाला होता, म्हणजे लाकडी पायऱ्यांवर पांढरं कापड आणि त्यावर सगळ्या बाहुल्या, देवांपासून भाजीवालीपर्यंत. सगळ्यात खालच्या पायरीवर शेट्टी आणि शेट्टीण दुकान मांडून बसतात, आणि त्यांच्या दुकानातली तांदळाची इवलीशी पोती सापडत नव्हती. ती शोधायला अक्का माळ्यावरचे डबे उघडत सुटली, आणि पोत्यांच्या जागी तिला माझे चिमटे मिळाले.

"चिमटे आहेत," मी म्हणालो.

"किती?"

"असतील तीनचार."

"सगळे लाल कां?"

मी म्हणालो, "लाल रीळ स्वस्त पडलं." बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती हळूच आत गेली. माझं खोटं कुठल्या वळणावर उताणं पडणार हे तिला माझ्याआधी कळतं.

अक्कानं पळी ठेवली. चार चिमटे उचलले आणि एकात एक बसवले. बसले. बाहेर मोठा, आत त्याहून लहान, आत त्याहून लहान, आणि सगळ्यात आत एवढासा. मग ती ताटाशिवाय बोलली, त्या उरलेल्या घोगऱ्या आवाजात, तेव्हा मला खरी भीती वाटली.

"पोरीच्या बांगड्या वर्षावर्षाला मोठ्या होतात, रे. तुझ्या लहान होत गेल्या."

इथं मागं जायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, माणूस प्लास्टिकच्या चार तुकड्यांसाठी बहिणीच्या शिव्या खातो.

माझं पंपांचं दुकान आहे. कावेरीचं पाणी कालव्यातून येवो न येवो, इकडच्या शेतकऱ्याला मोटर लागतेच, आणि मोटर म्हटली की ती बिघडतेच. त्यावर आमचं पोट. जुन्या स्टार्टरची बटणं आता कंपनी बनवत नाही. चालू करायचं हिरवं, बंद करायचं लाल. ती बटणं घरी छापावीत म्हणून मी टेबलावर मावणारा एक थ्रीडी प्रिंटर आणला. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत वस्तू उभी करणारं यंत्र. अक्का त्याला 'जांगिरीवाला' म्हणायची, जांगिरी म्हणजे इकडची जिलबी, कारण तो तसाच गोल गोल पिळत बसतो. लाल रीळ, हिरवं रीळ. तिसरा रंग आमच्या घरात कधी आला नाही.

आणि माझी गिटार आहे. आमच्या तंजावरात वीणा करणारे लोक आहेत, फणसाच्या एका ओंडक्यातून आख्खी वीणा कोरून काढतात. त्या गावात गिटार वाजवणं म्हणजे गंगेकाठी बाटलीचं पाणी विकणं. पण तरुणपणी मला तीच आवडली आणि मला तीनच कॉर्ड आल्या. अजून तीनच येतात. तीन कॉर्डवर माणूस जगू शकतो, फक्त त्याला कॅपो लागतो. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेला लावायचा चिमटा. मानेवर धातूच्या आडव्या रेघा असतात, ते पडदे. ज्या पडद्यावर लावाल तिथून सगळ्या तारा आखूड होतात आणि पट्टी चढते. बोटं तीच, कॉर्ड त्याच, सूर मात्र गाणारीच्या गळ्याला जाऊन मिळतो.

गाणारी म्हणजे अक्का. तिनं लग्न केलं नाही, शिष्यिणी केल्या. तिरुवैयारूपर्यंतच्या किती घरांतल्या सुना आमच्या ओसरीवर बसून सरळी, म्हणजे गाण्याचे पहिले धडे, शिकून गेल्या ते विचारू नका, मी सांगेन तो आकडा तुम्ही अर्धा कराल आणि तरी तो जास्त असेल. तिची पट्टी पाच कट्टै. तुम्ही तिकडे पांढरी पाच म्हणता तीच. इकडच्या गाणाऱ्या बाईला कट्टै विचारणं आणि गोत्र विचारणं एकच. ते जन्मभर बदलत नाही अशी समजूत. गिटारच्या पाचव्या पडद्यावर चिमटा लावला की माझ्या तीन कॉर्ड बरोबर तिच्या पाच कट्टैवर येऊन उभ्या राहायच्या.

विकतचा चिमटा होता. स्प्रिंगचा, लोखंडी. पकड अशी की मगर लाजावी. अक्का दोन ओळी गायची आणि थांबायची. "दुसरी तार वर ओढली. काढ तो." मला काही ऐकू यायचं नाही. ट्यूनरला, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रालाही जेमतेम ऐकू यायचं. पण अक्काला यायचं. म्हणून मी म्हणालो, "थांब, तुझ्या कानाला चालेल असा चिमटा मीच छापतो."

पहिला चिमटा मी उभा छापला. थर आडवे चढले, आणि गिटारच्या मानेवर बसवताना थरांच्या सांध्यातच तो तडकला, उडाला, खिडकीतून गेला आणि दूर पापनाशम स्टेशनच्या फलाटावर पडला असणार, कारण गल्लीत तर सापडला नाही. मग मी तो आडवा पाडून छापला, म्हणजे थर चिमट्याच्या वळणाबरोबर फिरले. तो वाकायला लागला, पण मोडेना. मानेच्या पाठीचा गोलवा कसा घ्यायचा? बायकोनं चपातीसाठी भिजवलेल्या कणकेचा गोळा मी गिटारच्या मानेवर दाबला, सुरीनं कापला, कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. बायकोनं ती कणीक पुन्हा वापरली नाही, आणि त्या दिवशी मला चपातीही दिली नाही. तारांवर बसणारी दांडी मी आधी सरळ केली होती. पडद्यांची पट्टी मात्र मधे किंचित फुगीर असते, म्हणून कुठं दाब पडायचा, कुठं पडायचा नाही, तारा खरखरायच्या. दांडीला तेवढाच बाक दिला. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. प्रत्येक वेळी अक्का डोळे मिटून बसायची, मी सहाही तारा एक एक छेडायचो, आणि ती नुसतं बोट हलवायची: वर, वर, बरोबर, खाली. असे किती चिमटे वाया गेले! प्लास्टिकचा ढीग इतका झाला की मोलकरणीला वाटलं आम्ही झिंग्याचा धंदा काढला.

एके दिवशी ती डोळे मिटून बसली, मी सहा तारा छेडल्या, आणि बोट हललंच नाही. "हा ठेव," ती म्हणाली.

तो पाचव्या पडद्याचा लाल चिमटा. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. मागून दाबायचा, टक्‌ करून बसतो. अंगठ्यानं खालून ढकलला की सुटतो. अशा चिमट्याची एक खोड असते. गिटारची मान डोक्याकडे बारीक होत जाते, त्यामुळे ज्या पडद्यासाठी बनवला त्याच पडद्यावर तो बसतो. एक पडदा खाली सरकवला की सैल पडतो. माझ्या स्वतःच्या वाजवण्यासाठी मी वेगवेगळ्या पडद्यांचे हिरवे छापले. लाल फक्त अक्काचा. लाल म्हणजे पाच. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, शेट्टी-शेट्टिणीलासुद्धा.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ काढली, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी देवळात नारळ फोडला. डॉक्टर म्हणाले, आवाज थोडा बसेल. 'थोडा' या शब्दाचा अर्थ डॉक्टरांच्या आणि गवयांच्या भाषेत वेगळा असतो. पुढच्या नवरात्रात ती पाच कट्टैवर बसली आणि पहिल्याच चढावर आवाज वाळूत रुतल्यासारखा झाला. ती म्हणाली, "सर्दी आहे." मी म्हणालो, "हो, हवाच तशी आहे." बाहेर ऊन असं होतं की कावळे सावलीत बसून सावलीला शिव्या देत होते.

मी दुकानात जाऊन चौथ्या पडद्याच्या मापाचा चिमटा छापला. लाल रंगात. श्रुतिपेटी, म्हणजे खरा पाचचा सूर धरून ठेवणारी पेटी, दुरुस्तीला म्हणून नेली आणि कुलपात ठेवली. अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तिला रंग दिसायचा, पडदा मोजता यायचा नाही. ती गायली. आवाज पोचला. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या पडद्याचा, लाल. यंदा सरावाला दुसऱ्याचा. दर वेळी बसवताना मी म्हणायचो, "घे, पाच," आणि ती म्हणायची, "दे."

आता तुम्ही विचाराल, जिला तारेचा केसाएवढा फरक कळायचा तिला हे कळलं नाही? तेच मी त्या दिवशी तिला डब्यासमोर विचारलं. चुकलं माझं.

"कळलं नाही?" ती म्हणाली. "मला कान नाहीत कां? खाली आहे हे पहिल्या दिवशी कळलं. मला वाटलं, तुझी गिटार उतरली. तुझी गिटार नेहमीच उतरते. मी मनात म्हटलं, राहू दे, त्याला कशाला सांगा, बिचाऱ्याला तीनच तर कॉर्ड येतात."

मी माझं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद केलं. बायको आतून बघायला आली, मला काही झालं की काय म्हणून.

या भांडणाच्या मुळाशी आमच्या घरचा एक रिवाज आहे, तो सांगतो. आमची घरं मराठी मुलखातून इकडे येऊन इतकी वर्षं झाली की आमचं मराठी ऐकून तिकडचे पाहुणे आधी हसतात आणि मग अर्धं समजत नाही म्हणून गप्प बसतात. पण घरचं एक मराठी पद टिकलंय. कोणी केलं ठाऊक नाही. लिहिलेलं नाही, बाईकडून बाईकडे आलंय. कोलूसमोर रोज संध्याकाळी दिवा लागला की घरातल्या बाईनं हे पद म्हणायचं, मगच आलेल्या बायकांनी गायचं. ज्या बाईचा आवाज पदात मोडला, तिच्या हातून पद गेलं. घरातल्या पुढच्या बाईनं तिथूनच, त्याच शब्दापासून उचलायचं, आणि मग ते तिचं. परत मिळत नाही. वाद्याची तार तुटली तर मात्र दोष नाही. तार बांधा, उद्या पुन्हा म्हणा.

आमच्या आईचा आवाज असाच कोलूसमोर मोडला. अक्का तेव्हा नुकती साडी नेसायला लागलेली. तिनं उचललं, आणि लोक म्हणतात त्या दिवशी असं गायली की वरच्या पायरीवरचा लाकडी राजा उठून उभा राहिला. आई टाळ्या वाजवत होती. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. तांदूळ निवडताना नाही, नातवंडं झोपवताना नाही, न्हाताना नाही, कधीच गुणगुणली नाही. घरात एक दार कायमचं लावून घेतल्यासारखं झालं, आणि आम्ही सगळे त्या दाराला वळसा घालून चालायला शिकलो.

आता पुढची बाई म्हणजे माझी बायको. तिला पद पाठ आहे. पाठ आहे याचीच तिला धास्ती आहे.

"पाचवर लाव," अक्का म्हणाली. "खरा पाच. आज खरा पाच लावून गाईन, नाहीतर पद आत्ताच देऊन टाकते. बायका यायच्या आधी."

"अक्का, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरला कट्टै कळते?"

"तिसऱ्यावर चांगलं लागतं तुझं. शेजारच्या मामी म्हणाल्या, गळा मधासारखा झालाय."

"त्या मामी मिक्सरच्या आवाजालाही मधासारखा म्हणतील. पोदुम, पुरे झालं. लाव."

तिनं चारांतला सगळ्यात मोठा चिमटा बाजूला काढला. मी तो बदलीन या संशयानं तिनं तो नेऊन कोलूच्या पायरीवर ठेवला, समईच्या पुढ्यात, देवीच्या पायाशी. ओलीस. वरून रंगीत बल्बांची माळ तापत होती. मी म्हणालो, "अक्का, तिथं नको, तापेल. हे प्लास्टिक उष्णतेला मऊ पडतं." ही थाप नव्हती, पण माझ्या तोंडून आल्यामुळे ती थापच ठरली. खरंतर सगळ्या गल्लीला ती कथा ठाऊक होती: मी एक चिमटा स्कूटरच्या डिकीत ठेवून पापनाशमजवळच्या गावात मोटर बसवायला गेलो होतो, दुपारी डिकी उघडली तर आत जिलबी. वेलदोडा तेवढा घालायचा राहिला होता.

"तापू दे," अक्का म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

बायकोनं मला आत ओढलं. सुंडलासाठी चणे शिजत होते.

"अहो, त्यांचा आवाज मोडला तर मला उचलावं लागेल."

"हो."

"मी नाही उचलणार. मला ताप येतोय."

"कपाळ गार आहे तुझं."

"संध्याकाळपर्यंत येईल." मग ती चणे ढवळत म्हणाली, "मी उचललं तर त्या माझ्याशी चांगल्याच वागतील. तेच सहन होणार नाही मला. सासूबाई अक्कांशी किती चांगल्या वागायच्या, बघितलंय ना तुम्ही?"

बघितलं होतं.

बायका आल्या. कोलूला येतात तशा, फुलं माळून, एकमेकींच्या साड्या डोळ्यांनी मोजत. शेजारच्या मामी सगळ्यात पुढं. त्यांचं वय इतकं की देवळाचा पाया घालताना त्यांनी विटा मोजून घेतल्या असाव्यात. बायकोला ताप आला नव्हता. ती अक्काच्या मागं बसली, दोन्ही हात मांडीवर, फाशीचा हुकूम ऐकायला आल्यासारखी.

अक्कानं पायरीवरचा चिमटा उचलला, माझ्या हातात दिला आणि बघत राहिली. मी तो पाचव्या पडद्यावर दाबला. टक्‌. घट्ट बसला. कोमट होता, पण जिलबी झाला नव्हता. चांगला होता, दुर्दैवानं.

पदाची पहिली ओळ खाली बसून चालते, दुसरी उभी राहते, तिसरी जिना चढते, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर एक स्वर असा आहे की तिथं थांबावं लागतं, दम धरून, दिवा हातात घेऊन उभं राहिल्यासारखं. पहिली ओळ अक्कानं म्हटली. पाच कट्टै. मला वाटलं, मागून कोणी गातंय. तो तिचा जुना आवाज होता; बारीक झाला होता, कडेला जळला होता, पण तोच. दुसरी ओळ. मान हलवणाऱ्या मातीच्या बाहुल्या असतात ना आमच्याकडे, त्यांनी माना हलवल्या. यात खोटं नाही, पंखा चालू होता.

मला वाटलं, जाईल. देवाशपथ मला वाटलं, जाईल ही वर.

तिसरी ओळ. पहिली पायरी, दुसरी. गळ्यावरच्या व्रणाखाली काहीतरी ताणलं गेलेलं मला दिसलं. आवाजात एक भोक पडलं, लगेच बुजलं. अजून एक. समोरच्या बायकांना ते कळलं नसावं, पण मागं माझ्या बायकोनं श्वास आत घेतला. तिचे ओठ उघडले होते, पुढचा शब्द ओठांवर येऊन बसला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्काला तो श्वास ऐकू गेला. तिला ऐकू जाणारच. मलासुद्धा ऐकू गेला.

अंगठा. माझा डावा अंगठा गिटारच्या मानेमागं असतोच. मी तो खालून ढकलला.

चिमटा सुटला तो गोफणीतून सुटावा तसा, आणि खालच्या पायरीवरच्या शेट्टीच्या हातावर बसला. शेट्टी शेट्टिणीच्या अंगावर कोसळला, दुकानातले डाळीचे ढीग विखुरले, आणि गिटार पाच कट्टैवरून सगळ्या तारा घेऊन खाली पडली, असा आवाज झाला की म्हशीला विहिरीत ढकललं असावं. पद थांबलं.

तिचा आवाज त्याआधी मोडला होता की नंतर थांबला? मला विचारू नका. माझा धंदा तुम्हाला ठाऊक झालाय.

"अय्यो! वितळला!" मी ओरडलो. "सांगत होतो, समईजवळ ठेवू नको! बघा, बघा, पुन्हा जिलबी झाली!" मी चिमटा उचलून मुठीत असा दाबून धरला की कोणाला नीट दिसू नये, आणि पापनाशमच्या जिलबीची कथा पुन्हा सांगितली. यावेळी त्यात स्कूटरही वितळली. बायका हसल्या. एक जण म्हणाली, "प्लास्टिकवर सरस्वती बसत नाही बाई." दुसरीनं विचारलं, "पण तार कुठं तुटली? तार तुटली तर दोष नाही ना तुमच्यात? हा तर चिमटा." तिला आमचा रिवाज आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होता. सगळ्या मामींकडे बघायला लागल्या. मामींनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"वीणेची घोडी घसरली तर ते वाद्यच मोडलं ना?" त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "हाही वाद्याचाच. वाद्य मोडलं. उद्या म्हणेल. आता मला गाऊ दे, मला घरी भात टाकायचाय."

आणि त्या गायल्या, दीड कट्टैवर, बेसूर, मन लावून.

अक्कानं सगळं नीट केलं. सुंडल दिलं, विडा-सुपारी दिली, प्रत्येकीला नारळ दिला, कुंकू लावलं, दारापर्यंत पोचवलं. पळी-ताटाची गरज पडेल असं काही बोलली नाही. मी मधेच दोन विनोद केले. ती हसली नाही. बायकोनं पदराला डोळे पुसले आणि द्रोण गोळा करायला लागली. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं, तिला हलकं वाटत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

घर रिकामं झालं. बाहुल्या तेवढ्या राहिल्या, सगळ्या आमच्याकडे बघत. अक्का खालच्या पायरीशी उकिडवी बसली, शेट्टीला उभं केलं, त्याच्या हाताचा टवका उडाला होता तो चाचपला. मग माझ्याकडे न बघता हात पुढं केला. मी चिमटा दिला.

तिनं तो दोन बोटांत धरून वाकवला, सोडला. तो टचकन जागेवर आला. मग तिनं भिंतीला टेकवलेली गिटार ओढली, बोटांनी चाचपत पडदे मोजले, एक, दोन, असे पाचपर्यंत, आणि चिमटा दाबला.

टक्‌.

तिनं गिटार हलवली. उपडी केली. चिमटा जागचा हलला नाही. मी नव्या मोटरची हमी देताना असाच गिऱ्हाइकासमोर पंप उलटा करून दाखवतो.

मला गप्प बसणं जमत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "थंड झाल्यावर घट्ट होतो, अक्का. प्लास्टिकचं तसंच असतं. मी सकाळी नवीन छापतो. जाड करतो, रबर दुप्पट लावतो. उद्या पाचवर असा बसेल की हत्ती ओढायला आला तरी—"

तिनं अंगठ्यानं चिमटा काढला. शेट्टीच्या दुकानात, डाळीच्या ढिगांशेजारी, तांदळाच्या पोत्यांची जागा अजून रिकामीच होती, तिथं ठेवला.

"उद्या दुसऱ्यावर लाव," ती म्हणाली. "आणि लाल नको."